दगड हलवणाऱ्या ताई

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काचेला टेकवून ताई माशाचं तोंड मोजायच्या. मासा काही एका जागी थांबत नाही. मग त्याही बोटं तशीच धरून टाकीच्या कडेकडेने सरकायच्या, श्वास रोखून, चष्मा काचेला लागेपर्यंत. माप मिळालं की बोटांतलं अंतर न मोडता हात दुसऱ्या माशाच्या अंगाशी नेऊन धरायच्या. हा त्याच्या तोंडात मावत नाही असं दिसलं की सुस्कारा टाकायच्या आणि म्हणायच्या, "आधी तोंड पाहा जी, रंग मागून पाहा."

आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या खाली राहायच्या, आम्ही वर. आमचे हे ज्या ऑफिसात शिपाई होते, त्याच ऑफिसात ताई हेडक्लार्क. मूळच्या नागपूरच्या, लग्न न केलेल्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या. आजूबाजूची पंजाबी मुलं त्यांना मछलीवाली आंटी म्हणायची. मी साताऱ्याकडची, शिक्षण चौथीपर्यंत. हेडक्लार्कबाईंशी काय बोलायचं, म्हणून पहिली दोन वर्षं मी जिन्यात त्यांना बघून नुसता पदर सारखा करायचे.

ओळख झाली ती थंडीमुळे. तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी नसते, हाडात शिरते. एका संध्याकाळी वीज गेली आणि ताई धापा टाकत वर आल्या. "वहिनी, पाणी तापवून देता? माझा स्टोव्ह पेटूनच नाही राहिला. मासे गारठून जातील." मी पातेलं भरून गरम पाणी घेऊन खाली गेले. खोलीतली काचेची मोठी टाकी त्यांनी स्वतःच्या रजईत गुंडाळली होती आणि स्वतः पातळ शाल घेऊन कुडकुडत होत्या. गरम पाणी बाटल्यांत भरून आम्ही त्या बाटल्या टाकीत सोडल्या. वीज येईपर्यंत मी तिथेच बसले. बोलले काहीच नाही. ताईंना ते चाललं. त्या माशांशी बोलत होत्या.

त्यांच्या टाकीत तेव्हा सगळे गरीब मासे होते. गुरामी, लाल बार्ब, वरच्या पाण्यात सुळसुळणारे पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा, आणि मुठीत मावतील असे गप्पी. मला वाटायचं, किती शांत चाललंय सगळं. पण ताईंच्या मनात एक निराळाच मासा होता. त्याचं नाव पाइक सिक्लिड. ते त्यांनी मला चार-पाच वेळा म्हणायला लावलं तेव्हा कुठे जमलं. लांबट, चिरुटासारखा, पुढे निमुळता. तो पळत नाही. टाकीत आडव्या ठेवलेल्या कुंडीच्या फुटक्या तोंडाशी नाहीतर दगडाआड बसतो आणि डोळे फिरवून सगळ्यांकडे बघतो.

"मग असला कशाला हवा?" मी भीत भीत विचारलं.

"घरी आल्यावर कोणी आपल्याकडे पाहत नाही नं वहिनी. बाकीचे मासे दाण्याच्या हातालाच ओळखतात. हा पाहतो म्हणे."

पण तो शिकारी मासा. तोंडात मावेल ते गिळणारा. आणि त्याच्यातही जाती. काही हातभर वाढतात, काही बोटभरच राहतात, आणि पिल्लं असताना दोन्ही सारखीच दिसतात. ताईंना बोटभरच राहणारा हवा होता, तोही असा की जुन्या माशांना जड जाणार नाही. त्या काळजीने त्यांची झोप उडाली होती. मासे घ्यायच्या आधीच.

बावीस सेक्टरच्या बाजारात पोपट, पिंजरे आणि मासे विकणाऱ्याचं दुकान होतं. त्याने कलकत्त्याहून मागवलेल्या मालात हे पाइक आले होते. ताई सोबतीला म्हणून मला न्यायच्या. शनिवारी ऑफिस सुटलं की रिक्षा करून दोघी निघायच्या. तिथे गेल्यावर त्या टाकीसमोर बसायच्या आणि मी त्यांच्या मागे पिशवी धरून उभी. घ्यायचं काहीच नाही, नुसतं बघायचं, आणि परत यायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

दुकानदार वैतागला. "ओ बहनजी, मछली लेनी है या बहू?"

"बहू का तो मायका होता है भाईसाहब," ताई काचेवरचं बोट न हलवता म्हणाल्या. "इसका कौन है?"

"छोटी ही रहेगी जी, पक्का."

"पक्का आप बोल रहे हो. मछली तो नहीं बोल रही."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ताई कशाची वाट बघत होत्या ते मला नंतर कळलं. एका शनिवारी त्यांनी माझा हात दाबला. टाकीतल्या एका मादीचं पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं लालगुलाबी झालं होतं. "पाहा वहिनी. ही वयात आली. वयात येऊनही एवढीच आहे. म्हणजे आता आणखी वाढत नाही." किती साधी गोष्ट, पण त्यासाठी त्या इतके शनिवार थांबल्या होत्या.

नर निवडायलाही घाई नाही केली. टाकीत नर तीन-चार होते. त्यातल्या देखण्याची शेपटी मादीनेच फाडली होती. एक मात्र तिच्या कोपऱ्यात गेला तरी ती नुसती बघायची, अंगावर जायची नाही. ताईंनी तो घेतला. "तिला विचारल्याशिवाय जोडी लावायची नाही," असं म्हणाल्या आणि तोंड फिरवून रिक्षाकडे निघाल्या. रिक्षात मांडीवर मासे असलेली पिशवी आणि बाहेर लांबपर्यंत लहान लहान झाडं. मी काही विचारलं नाही. माझा तो स्वभावच नाही.

घरी आल्यावर त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच बघत होते. नवे मासे टाकीत सोडले नाहीत. आधी जुने सगळे मासे जाळीने काढून बादलीत घेतले. मग बाह्या सारून टाकीत हात घातला आणि दगड हलवले. डावीकडचे उजवीकडे, मागचे पुढे. कुंड्या उलट्या केल्या. गवत उपटून दुसऱ्या कोपऱ्यात रोवलं. मांडणी अशी केली की एका कुंडीच्या तोंडातून दुसरीचं तोंड दिसू नये.

"अहो, छान लावलेलं होतं की."

"म्हणूनच. जुन्यांना वाटतं हे आमचं घर, हा नवा कोण आला. मंग मारामारी. आता पाहा, सगळ्यांसाठीच नवं. कोणी मालक नाही, कोणी पाहुणा नाही. आणि एकमेकांच्या डोळ्यासमोर चोवीस तास कोणालाच राहता येत नाही जी, थोडा आडोसा पाहिजे."

गप्पी त्यांनी गल्लीतल्या मुलांना वाटून टाकले, ते तर सरळ घासच होते. गुरामी आणि बार्ब ठेवले. अंगाने उभट मासा गिळता येत नाही, घशात अडकतो, म्हणून. झेब्र्यांपाशी मात्र अडल्या. सडपातळ जात. पण चपळ, आणि राहतात वरच्या पाण्यात. पुन्हा बोटं लावून मोजलं. मावणार नाहीत असं ठरवलं आणि ठेवले. पाइक उडी मारतो म्हणून टाकीवर काच ठेवून तिच्यावर वरवंटा ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्याकडे गावाहून तार आली. थोरल्या जाऊबाई येणार होत्या, कायमच्या. मोठे दीर वर्षापूर्वी गेले होते. जाऊबाई लेकीकडे राहत होत्या, पण लेकीच्या सासरच्यांनी आता पुरे म्हणून सांगितलं. दुसरं कोणी नव्हतं.

तुम्ही माझ्या जाऊबाईंना पाहिलेलं नाही. त्या अंगणात बोलल्या की वेशीपर्यंत ऐकू जायचं. लग्न झाल्यावर तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. माझी भाकरी, माझं लुगडं नेसणं, माझं गप्प बसणं, सगळ्याला त्यांच्याकडे शब्द होता. ह्यांची बदली चंदीगडला झाली तेव्हा लोक म्हणाले, एवढ्या लांब! मी मनात म्हटलं, आणखी लांब असती तरी चाललं असतं. आता त्याच बाई माझ्या दोन खोल्यांत येणार. त्यांना नको म्हणायची सोय नव्हती, कारण मग त्या जाणार कुठे? आणि हो म्हटलं की माझं काय होणार?

हे ताईंना सांगायचं मी ठरवलं नव्हतं. पण टाकीपाशी बसले असताना रडू आलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "कधी येऊन राहिल्या?"

"रविवारी. संध्याकाळच्या गाडीने."

रविवारी सकाळी त्या पदर खोचून वर आल्या. हे अंघोळीला गेले होते. ताई दारातच म्हणाल्या, "चला, दगड हलवू."

खिडकीजवळची माझी खाट आम्ही ओढून भिंतीला लावली. ट्रंका आतल्या खोलीतून बाहेर आल्या. देव एका कोनाड्यातून दुसऱ्यात गेले, त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. दोन खोल्यांच्या मधल्या दारात जुन्या लुगड्याचा पडदा लागला, बाहेर बसलेली बाई स्वयंपाक करणाऱ्या बाईला दिसू नये म्हणून. शेवटी ताई डब्यांकडे वळल्या. मला बाहेर उभं केलं आणि माझ्या स्वयंपाकघरातला डबा न् डबा त्यांनी इकडचा तिकडे केला.

"ताई, मला सापडायचं कसं?"

"नाहीच सापडलं पाहिजे. त्या येऊन विचारतील साखर कुठे, आणि तुम्ही दाखवाल. मंग तुम्ही मालकीण, त्या आश्रित. इथूनच भांडण सुरू होते. तुम्हालाही माहीत नसलं तर दोघी शोधाल नं."

हे अंघोळ करून बाहेर आले, त्यांनी खोली बघितली, हेडक्लार्कबाईंना बघितलं, आणि ओल्या टॉवेलातच परत न्हाणीत गेले.

जाऊबाई आल्या. वाळल्या होत्या, कपाळ मोकळं, पण आवाज तोच. बसायच्या आधी म्हणाल्या, "च्या टाक गं." मी डबा उघडला तर त्यात तुरीची डाळ. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्यात रवा. जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तुझंच घर नव्हं हे?" मी पुढचा डबा उघडला. मग त्यांनीही डबे उघडायला सुरुवात केली. साखर त्यांना सापडली, पत्ती मला. चहा झाला. मला वाटलं, ताईंचं खरं ठरतंय.

तसं काही झालं नाही. भांडण नव्हतं, पण मी पूर्वीसारखीच गप्प झाले. त्या बोलायच्या, मी मान हलवायचे आणि पडद्याआड जायचे. दिवसभर कान त्यांच्या पावलांकडे. रात्री वाटायचं, आता उद्या काहीतरी बोलतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पडदा होता म्हणून लपता यायचं, एवढाच काय तो फरक.

आणि एका सकाळी ऑफिसच्या वेळेला ताई धावत वर आल्या. चेहरा उतरलेला, वेणी अर्धवट. "वहिनी, झेब्रे खाल्ले."

"कुणी?"

"तिनंच. काल तिन्हीसांजेला एक कमी वाटला. आज पाहते तर दोनच उरले. मी पाहत होते आणि माझ्या डोळ्यासमोर तिनं तोंड उघडलं. बाप्पा! केवढं उघडते ते! मी मिटलेलं तोंड मोजलं होतं वहिनी. इतके दिवस, सगळ्यांचं, मी मिटलेलंच मोजत होते." आणि मग माझा हात धरून, एकदम हलक्या आवाजात, "तुमच्याकडे बरं आहे नं? मी तुम्हाला भलतंसलतं तर नाही सांगितलं?"

मी उत्तर द्यायच्या आधी पडदा सरला. जाऊबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आल्या. "काय झालं? कुणी कुणाला खाल्लं?"

ताईंनी सांगितलं. माशाचं तोंड, मोजायचं कसं, चुकलं कुठे. मला वाटलं जाऊबाई हसतील. त्या नीट ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मुकं जनावर. त्याचं कळायचं कसं? त्यापरीस माझ्यासारखं तोंडाळ बरं. केवढं उघडतंय ते लांबनंच दिसतंय." मग लाटणं माझ्याकडे करून म्हणाल्या, "मला तर हिचीच धास्ती वाटती. आल्यापास्नं एक शब्द न्हाई. मान हलवती आन् पडद्यामागं जाती. मनात काय हाय, कुणाला ठावं? रातच्याला मी जागीच असते, उद्या ही मला जा म्हणती का काय म्हणून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या बाई मला घाबरत होत्या. पलीकडच्या खोलीत त्याही जाग्याच होत्या.

ताई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. दोन बोटं नकळत वर आली होती, मापायला. त्यांनी ती खाली घेतली. "वहिनी, बोला काहीतरी," त्या म्हणाल्या. "काहीही."

शेवटी तोंडातून निघालं, "जाऊबाई, तुम्ही चहात साखर फार घालता. महिन्याची साखर पुरत नाही."

जाऊबाईंचा चेहरा काळवंडला. मग हळूहळू सैल झाला. "हां," त्या म्हणाल्या. "आता कसं. कमी घालीन की. आदी सांगायचं." आणि चपात्या करपतील म्हणून आत गेल्या.

ताई ऑफिसला उशिरा पोचल्या. त्या दिवशी संध्याकाळी उरलेले दोन झेब्रे त्यांनी काचेच्या बरणीत घालून आमच्या खिडकीत आणून ठेवले. पाइकची जोडी, गुरामी आणि बार्ब खाली राहिले, आणि त्यांचं पुढे बरं चाललं. त्यांच्यासाठी कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या गाळून आणायचं काम जाऊबाईंनी आपणहून घेतलं. सेक्टरमधल्या कुणाच्याही घरात जाऊन त्या मोठ्याने विचारायच्या, "कूलर में किडे है क्या?" पंजाबी बायका आधी दचकायच्या, मग हसून गाळणी द्यायच्या. तोंड मोजायची ताईंची सवय मात्र बदलली. आता त्या पाण्यात अळी टाकून, मासा तोंड उघडेपर्यंत थांबायच्या आणि मग बोटं लावायच्या.

काही वर्षांनी त्या रिटायर झाल्या. नागपूरला भावाच्या घरी जायचं ठरलं. भाऊ, भावजय, दोन पुतणे, त्यांच्या बायका, मुलं. भरलेलं घर. ऑफिसातले लोक म्हणाले, छान, आता एकट्या नाही राहणार. ताई सगळ्यांना हो म्हणायच्या. टाकी त्यांनी आम्हाला दिली. वर आणल्यावर दगड लावायचं काम मला आणि जाऊबाईंना करायला लावलं, स्वतः हात घातला नाही.

स्टेशनवर आम्ही दोघी गेलो होतो. गाडी लागली होती. ताईंच्या मांडीवर एकच पिशवी. मला जे विचारायचं होतं ते मी सकाळपासून तोंडात घोळवत होते. तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली आणि मी खिडकीच्या गजाला धरून विचारलं, "ताई, तिकडे कुणी दगड हलवलेत का तुमच्यासाठी?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी कुंडीत राहीन वहिनी," त्या म्हणाल्या. "एक कोपरा मिळाला की पुरे. माझी कोणाला अडचण नाही होत."

गाडी हलली. मी अजून काही बोलणार होते, पण चालत्या गाडीबरोबर पळायची मला सवय नाही. जाऊबाई मात्र पळाल्या. फलाटाच्या टोकापर्यंत पळत ओरडत होत्या, "न्हाई जमलं तर परत या! ऐकलं का? परत या!" ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दोन दिवाळ्यांना कार्ड आलं. सर्व कुशल, माशांना जपा. मग येईनासं झालं. पाइकमधला नर गेल्या हिवाळ्यात गेला. मादी अजून आहे. कुंडीच्या तोंडाशी बसते आणि मी खोलीत आले की डोळे फिरवून बघते. तिने बघितलं की मला ताईंची काळजी वाटते. त्या घरात, त्या इतक्या माणसांत, जिला आता ऑफिसातून घरी यायचंही नाही त्या बाईकडे कोण बघत असेल?

परवा दुपारी मी उठले आणि खिडकीजवळची जाऊबाईंची खाट ओढायला लागले.

"कोण येणार हाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. पण आल्याच तर?"

कोण ते त्यांनी विचारलं नाही. खाटेची दुसरी बाजू धरली. "उचल. फरशी खरडू नगंस." खाट भिंतीला गेली, ट्रंका आत गेल्या. खिडकीजवळ एका माणसापुरती जागा मोकळी झाली. उन्हाचा चौकोन तिथे येऊन पडला. मग जाऊबाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि डबे खाली काढल्याचे आवाज यायला लागले.

"अगं, साखरेचा डबा कुठं ठेवू?"

"मला सांगू नका," मी बाहेरूनच म्हटलं.